प्रायव्हेट मेंबर आणि कंपायलरचा बग

सी प्लस प्लसमध्ये मेंबर 'प्रायव्हेट' केला की तो फक्त त्या क्लासला आणि त्याच्या 'फ्रेंड'ना वापरता येतो. ही तपासणी कंपाइल करतानाच होते. प्रोग्राम सुरू झाल्यावर मेमरीत प्रायव्हेट-पब्लिक असा भेद उरत नाही. म्हणजे कंपायलरकडून तपासणी राहिली, तर पुढे अडवणारं कुणी नाही.

चूक कुठे होते?
बऱ्याचदा टेम्प्लेटमध्ये. टाइप कळेपर्यंत तपासणी पुढे ढकलावी लागते आणि ढकललेली तपासणी राहून जाऊ शकते. जीसीसीमध्ये तेच व्हायचं: क्लासच्या आतला प्रायव्हेट क्लास साध्या फंक्शनमध्ये वापरला तर एरर, टेम्प्लेट फंक्शनमध्ये वापरला तर काहीच नाही. २००९ मध्ये नोंदवलेला हा बग २०२१ च्या जीसीसी ११ मध्ये दुरुस्त झाला.

हा बग नव्हे
टेम्प्लेटचं एक्स्प्लिसिट इन्स्टॅन्शिएशन करताना प्रायव्हेट नाव चालतं. ती भाषेच्या नियमांनीच दिलेली सूट आहे.

आपल्याला काय फरक पडतो?
मी नवलाख उंबरे इथल्या एका कारखान्याच्या मशीनसाठी कोड लिहितो. अशा कामात एकच कंपायलर वर्षानुवर्षं चालतो. तो बदलला की कालपर्यंत चालणारा कोड अडू शकतो. तेव्हा घाईत सगळं पब्लिक करू नका. गरज खरी असेल तर फ्रेंड जाहीर करा किंवा पब्लिक फंक्शन द्या. कोड जीसीसी आणि क्लँग दोन्हींवर कंपाइल करून पाहा. आणि पासवर्ड लपवायला प्रायव्हेटवर विसंबू नका. ती शिस्त आहे, कुलूप नाही.