मूळ प्रत कोणती? : रहिमतपूरच्या एका फियाटच्या निमित्ताने

रहिमतपूरला जुन्या वास्तूंचे अप्रूप नाही. आदिलशाही काळातील मशीद आणि रणदुल्लाखानाची म्हणून ओळखली जाणारी कबर गावात आहे. त्याच गावातील एका वाड्याच्या परसात, पत्र्याच्या छपराखाली, फियाट अकराशे डिलाइट कित्येक पावसाळे उभी आहे. आरसी बुकावर वर्ष १९६८. मूळ मालक डॉक्टर होते. वारसांना ती आता विकायची आहे. ती घेऊन दुरुस्त करावी का, हा माझ्यापुढचा प्रश्न वरकरणी पैशाचा आहे. पण विचार करू लागल्यावर तो पाठचिकित्सेचा वाटू लागला.

या गाडीची वंशावळ ठाऊक आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे सरकारने नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना मज्जाव केला, तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील कामकाज आवरले. १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशे तयार होऊ लागली. पुढची दारे उलटी उघडणाऱ्या त्या आरंभीच्या गाडीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. १९६४ मध्ये डिलाइट आली. १९७४ पासून हीच गाडी पद्मिनी म्हणून ओळखली गेली. नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे हाती असलेली गाडी टिकवणे ही हौस नव्हती, निकड होती. तिचा पुढचा इतिहास कारखान्याने नव्हे, गावोगावच्या मिस्त्रींनी लिहिला.

रहिमतपूरची गाडी त्याची साक्ष देते. तिचे १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन केव्हाच गेले आहे. त्या जागी डिझेल इंजिन आहे आणि या बदलाची रीतसर नोंद आरसी बुकावर आहे. गिअरचा दांडा मात्र अजून स्टिअरिंगपाशीच आहे. खरवडलेल्या जागी रंगाचे तीन थर दिसतात.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे, त्यात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे कायद्याला शुद्ध संहिता हवी आहे. जाणकारांचा सल्लाही तोच: डिझेल काढा, पेट्रोल इंजिन शोधून बसवा.

येथे भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण होते. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चिकित्सक आवृत्तीने प्रक्षेप संहितेतून वगळले, पण फेकून दिले नाहीत; तळटीपांत आणि परिशिष्टांत ते जपले. शिवाय संपादकांनी व्यासांची मूळ प्रत सापडल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जितके मागे जाता येईल तितकेच ते गेले. या गाडीचे स्वतःचे पेट्रोल इंजिन आता मिळणार नाही. भंगारात निघालेल्या दुसऱ्या फियाटचे इंजिन बसवले, तर त्याला मूळ पाठ कसे म्हणावे? तो एका हस्तलिखितातील श्लोक दुसऱ्यात घुसडण्याचा प्रकार होईल. म्हणजे नवा प्रक्षेप, आणि तोही जुनेपणाचा आव आणणारा.

खरी कसोटी इंजिनाची नाहीच. या फियाटला वेगळी चॅसी नसते; तळ आणि सांगाडा एकसंध असतो. तळाचा पत्रा गंजाने खाल्ला असेल तर कणाच गेला. मिस्त्रीने हातोडीने ठोकून पाहिले: डावीकडे पत्रा पोकळ वाजला, उजवीकडे खणखणीत. डावा भाग कापून नवा पत्रा जोडता येईल, असे त्याचे मत पडले. सुटे भाग मात्र दिवसेंदिवस दुर्मिळ होणार. मुंबईच्या टॅक्सींनी त्यांची बाजारपेठ जिवंत ठेवली होती, आणि पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

मी गाडी घेणार आहे. डिझेल इंजिन तसेच राहील, ‘व्हीए’ क्रमांकावर पाणी सोडावे लागेल, आणि दर पाच वर्षांनी साध्या वाहनासारखी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागेल. रंगाचे थर काढण्याआधी त्यांची छायाचित्रे घेईन. कापलेला पत्राही जपून ठेवीन. संपादकाने निदान एवढे तरी करायला हवे.