निळा स्फटिक आणि दोन प्रश्न : बेनिटोइटचा इतिहास

१/ १९०७ च्या प्रारंभी कॅलिफोर्नियातील डायब्लो पर्वतरांगेत, सॅन बेनिटो नदीच्या उगमाजवळ, पारा आणि तांबे शोधणाऱ्यांना निळे स्फटिक आढळले. तो नीलम असावा, असा समज झाला. त्यातून दोन प्रश्न उभे राहिले: हा दगड कोणता? आणि तो प्रथम कोणाला सापडला? पहिल्याचे उत्तर काही महिन्यांत मिळाले. दुसऱ्याला अधिक काळ लागला.

२/ नीलमाचा समज अगदीच निराधार नव्हता. रंग तोच, आणि प्रकाशाचे वक्रीभवनही जवळपास तेवढेच. परंतु नीलमाची कठीणता ९, तर या स्फटिकाची जेमतेम ६ ते ६.५. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भूवैज्ञानिक जॉर्ज लाउडरबॅक यांनी स्फटिकांचा अभ्यास केला, तर वॉल्टर ब्लॅस्डेल यांनी रासायनिक विश्लेषण. नीलम म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. येथे मात्र बेरियम, टायटॅनियम आणि सिलिका निघाले. खनिज सर्वस्वी नवे होते. सॅन बेनिटो परगण्यावरून त्याचे नाव पडले : बेनिटोइट.

३/ स्फटिकशास्त्राला त्याचे महत्त्व निराळेच होते. योहान हेसेल यांनी १८३० मध्ये गणिताने सिद्ध केले होते की स्फटिकांच्या सममितीचे ३२ वर्गच संभवतात. त्यांपैकी एका वर्गाचे उदाहरण निसर्गात सापडलेले नव्हते. बेनिटोइटच्या त्रिकोणी स्फटिकांनी ती रिकामी जागा भरली. गणिताने वर्तवलेली गोष्ट सुमारे पाऊण शतकानंतर खडकात मिळाली.

४/ हे स्फटिक पांढऱ्या नॅट्रोलाइटमध्ये गाडलेले असतात. सोबत काळे नेप्ट्युनाइटही असते. नॅट्रोलाइट हे झिओलाइट गटातले खनिज. दख्खनच्या बसाल्टातील पोकळ्यांमुळे हा गट महाराष्ट्रातील संग्राहकांच्या परिचयाचा आहे. छिन्नीने पांढरा थर फोडू गेल्यास आतला स्फटिकही तडकण्याचा धोका असतो. म्हणून थर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात. बेनिटोइट त्यात टिकून राहते.

५/ संग्राहकांची दुसरी युक्ती प्रकाशाची. लघुतरंगी अतिनील दिव्याखाली बेनिटोइट प्रखर निळे चमकते, त्यामुळे अंधारात मातीतला बारीक कणही नजरेस पडतो. या गुणधर्माला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून दिले. मात्र केवळ चमक हा पुरावा नव्हे. शीलाइटही त्याच दिव्याखाली निळसर उजळते; पण ते अधिक मऊ आणि पुष्कळ जड असते. म्हणून कठीणता, घनता, स्फटिकाचा आकार आणि प्राप्तिस्थान यांची साक्ष एकत्र जुळवावी लागते.

६/ आता दुसरा प्रश्न. लाउडरबॅक यांच्या १९०७ च्या निबंधात शोधाचे श्रेय हॉकिन्स आणि सँडर्स यांना होते. परंतु जेम्स काऊच या खनिजशोधकाचाही दावा पुढे आला. त्याच्या मोहिमेचा खर्च इतरांनी उचलला होता, आणि सापडलेल्या खाणीला पुढे नाव लाभले ते त्यांपैकी एकाचे : डॅलस. १९०९ च्या विस्तृत निबंधात लाउडरबॅक यांनी हा विषय पुन्हा तपासला आणि पारडे काऊचकडे झुकले. आज बहुतेक ग्रंथांत त्याचेच नाव आढळते.

७/ दगडाची कठीणता केव्हाही पुन्हा मोजता येते. माणसाचा दावा तसा मोजता येत नाही. तेथे कोणाचे कथन, कोणी आणि केव्हा नोंदले, एवढाच आधार उरतो. पहिली छापील नोंद ही अखेरची नोंद नसते, आणि ती दुरुस्त करण्याची तयारी त्याच लेखकाने दाखवली, हे या प्रकरणाचे मोल.

८/ १९८५ मध्ये बेनिटोइट कॅलिफोर्नियाचे राज्यरत्न झाले. ते इतरत्रही तुरळक आढळते. दागिन्यांच्या प्रतीचे स्फटिक मात्र प्रामुख्याने त्या एकाच टेकाडाने दिले. म्हणूनच जाणता संग्राहक नमुन्याखालची चिठ्ठी नमुन्याइतकीच जपतो : खनिजाचे नाव, स्थळ, तारीख आणि ते सापडलेल्या माणसाचे नाव.