खाऱ्या वाऱ्यातली जावा: ‘ओरिजनल’ आणि ‘अस्सल’ यातला फरक

आज सुरुवात एका फोटोपासून करू. समजा, तुमच्या व्हॉट्सॲपवर अलिबागजवळच्या नागावहून एक फोटो आलाय. नारळाखाली उभी असलेली मरून जावा, क्रोम आरशासारखं चमकतंय. खाली एकच ओळ: ‘१९६५ची ओरिजनल, फुल रिस्टोअर्ड, पहिल्यापासून इथेच.’ घ्यायची का?

जरा थांबा. या ओळीतच भांडण आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर साठ वर्षं काढलेलं क्रोम असं राहत नाही. खारी हवा मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आत शिरते. आधी तांबूस टिपके येतात, मग पोपडे सुटतात. सायलेन्सर, स्पोक, मडगार्डची आतली बाजू आधी जाते. म्हणजे या गाडीचं बरंच काही बदललंय, नाहीतर नव्याने मुलामा दिलाय. मग ती खोटी झाली का?

हाच प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या कोर्टात आला होता. गाडी होती बेंटली, नाव ‘ओल्ड नंबर वन’. १९२९ आणि १९३०, अशी दोन्ही वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली. सौदा ठरला तब्बल एक कोटी पौंडांना. मग घेणारा म्हणाला, जिंकलेल्या गाडीचं यात उरलंय काय? खरंच, शर्यतींसाठी तिच्यात इतके बदल झाले होते की जुनं फार थोडं शिल्लक होतं. पण न्यायाधीशांनी एक बारीक फरक केला. गाडी ‘ओरिजनल’ नाही, पण अस्सल आहे; कारण तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही.

हा फरक मनात ठेवा आणि आता नागावला परत या. चकाकी बघू नका, इतिहास सलग आहे का ते बघा.

पहिली गोष्ट, गाडीची कुंडली. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची, १९२९ची. यानेचेक हे मालकाचं नाव आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, दोघांची पहिली अक्षरं मिळून ‘जावा’. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ती बनू लागली. सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा आणि येझदी एकाच घरातल्या. त्यामुळे येझदीच्या अंगावर जावाची टाकी आणि बिल्ले चढवून ‘१९६५ची’ म्हणून विकणं अवघड नाही. म्हणून इंजिन नंबर आणि चासी नंबर, दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि आरसी बुकाशी ताडून बघा. नंबराभोवतीची जागा घासलेली दिसली, आकडे वेडेवाकडे ठोकलेले दिसले, तर सौदा तिथेच सोडा. गाडी चोरीचीही असू शकते.

दुसरी गोष्ट, कागद. इथे रायगडचा इतिहासच तुमच्या मदतीला येतो. हा जिल्हा १९८१ पर्यंत ‘कुलाबा’ होता! १९६५चं म्हणून दाखवलेलं मूळ पुस्तक ‘जिल्हा रायगड’ म्हणत असेल, तर ते पुस्तक १९६५चं नाही. तसंच एमएच-०६ हा नंबर. ही पद्धत आली १९८९ मध्ये. साठच्या दशकातल्या गाडीवर तो दिसला तर सरळ विचारा: आधीचा नंबर कुठला, आणि तो का बदलला? उत्तर प्रामाणिक असू शकतं. पण उत्तर हवं.

तिसरी गोष्ट, पत्रा. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळा आणि टाकी, मडगार्डवरून फिरवा. जिथे धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं भोक असं बुजवतात.

आता कायदा काय म्हणतो? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन वगैरेसाठीच रस्त्यावर काढायची. म्हणजे बेंटलीला कोर्टाने जी सवलत दिली, ती आपला नियम सहज देत नाही. दहा गाड्यांचे भाग जोडून उभी केलेली जावा कितीही चकचकीत असो, इथे अडकू शकते.

म्हणून किमतीचा हिशेब असा करा. मालकाने रिस्टोरेशनवर किती ओतले, ती गाडीची किंमत नव्हे. नंबर जुळणारी, कागद सलग असलेली, थोडी गंजलेली जावा मला त्या चकचकीत जोडकामापेक्षा केव्हाही मोलाची वाटते.

आणि खरं सांगू? हे सगळं विकत घेणाऱ्यांपेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे, ज्यांच्या पडवीत आजोबांची गाडी गोणपाटाखाली उभी आहे. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा तिला लगेच गॅरेजमध्ये टाकू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, नंबरांचे सुद्धा. कपाटातलं जुनं आरसी बुक शोधा. गाडी कुठून, कशी आली ते आजीला विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग कामाला द्या, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या. मेकॅनिक भंगारात टाकतो तो गंजका भागच उद्या तुमचा पुरावा असतो.

क्रोम पुन्हा चढवता येतं. आजीची आठवण आणि ते जुनं पुस्तक एकदा गेलं की गेलं.