शिरक्याचा मुलूख

मनिला शहरातील कोणत्याही साध्या खाणावळीत, जिला तेथील लोक कारिन्देरिया म्हणतात, पाऊल टाकले की प्रथम दृष्टीस पडते ती झाकण घातलेल्या पातेल्यांची ओळ. गिऱ्हाइकाने एकेक झाकण उचलून आत डोकवावे, हवे ते बोटाने दाखवावे आणि वाढणाऱ्या बाईने ते भाताशेजारी वाढावे, असा तेथला शिरस्ता असल्यामुळे या खाणावळींना ‘तुरो-तुरो’, म्हणजे ‘दाखव-दाखव’, असे नाव बोलीत पडून गेले आहे. भाषा न जाणणाऱ्या परदेशी खवय्याला यापेक्षा सोयीची व्यवस्था दुसरी नाही. अशा एका ओळीवरून बोट फिरवीत मी प्रथम जेवलो, तेव्हा निरनिराळ्या रंगांच्या त्या सर्व पदार्थांत एक गुण समान आढळला, तो आंबटपणाचा. सिनिगांग नावाच्या मासळीच्या साराला चिंचेचा आंबटपणा होता, पाक्सिव म्हणून वाढलेली मासळी शिरक्यात शिजलेली होती, अडोबोच्या तपकिरी रश्शातून लसूण आणि मिरी यांच्या आधी शिरकाच नाकाशी येत होता. आणि एवढे असूनही मेजावर शिरक्याची एक बाटली, मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्या पोटात घेऊन, निराळी उभी होतीच.

फिलिपाइन्सच्या पाककलेचा इतिहास सांगण्याची एक रूढ पद्धत आहे. चिनी व्यापाऱ्यांनी पान्सित नावाच्या शेवया आणि सोया सॉस दिला. १५६५ पासून १८१५ पर्यंत, अशी अडीचशे वर्षे, मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या गलबतांनी मिरची, टोमॅटो, मका आणि भुईमूग आणला. स्पॅनिश अंमलाने सणावारांच्या मेजवान्या दिल्या. अमेरिकन अंमलाने डबाबंद मांस दिले. यात खोटे काही नाही. १५९४ साली ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी वसविलेल्या बिनोंदो पेठेत शेवयांची जुनी उपाहारगृहे आजही गजबजलेली असतात, आणि फिलिपिनो कादंबरीकार होसे रिसाल यांनी १८९१ सालच्या आपल्या कादंबरीत विद्यार्थ्यांची एक मेजवानी अशाच शेवयांच्या उपाहारगृहात घडविली आहे. परंतु पाहुण्यांनी आणलेल्या भेटींची ही यादी पूर्ण झाल्यावर यजमानाच्या घरात मुळात काय होते, हा प्रश्न बाजूलाच राहतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर शिरका हे आहे.

या शिरक्याचे तागालोग भाषेतील नाव ‘सुका’. भाषापंडित त्याचा संबंध मलय भाषेतील ‘चुका’ या शब्दाशी, आणि त्याच्याही मागे संस्कृत ‘चुक्र’ या शब्दाशी जोडतात. आंबवून आंबट केलेल्या द्रवाला आपल्याकडील वैद्यकग्रंथांत चुक्र म्हटले आहे, आणि अळूच्या पातळ भाजीत जो चुका आपण घालतो, त्याचे नावही त्याच घराण्यातले. समुद्रापलीकडच्या मुलखात आपल्या स्वयंपाकघरातला शब्द अकस्मात भेटला, की मन हरखून जाते, आणि असे शब्द तेथे पुष्कळ भेटतात. तांदळाच्या आटवलावर जे केशरी तंतू भुरभुरतात, त्या कासुभाचे मूळ कुसुंभात, म्हणजे आपल्या करडईत आहे. दोडक्याला तेथे पातोला म्हणतात, जे नाव आपण पडवळाला देऊन बसलो आहोत. कच्च्या पपईच्या आंबटगोड लोणच्याचे नाव आचारा आहे. तथापि या आनंदात विवेक सुटता कामा नये. १७६२ साली इंग्रजांनी मनिला जिंकली, तेव्हा त्यांच्या फौजेत मद्रासकडील शिपाई होते आणि त्यांतील काही काइंता गावी कायमचे राहिले, हा इतिहास आहे. बैलाच्या शेपटीचे मांस भुईमुगाच्या दाट रश्शात शिजवून केलेला कारे-कारे हा पदार्थ त्याच शिपायांच्या कढीपासून निघाला, ही मात्र लोकवार्ता आहे, आणि केवळ नावाच्या साम्यावरून तिला इतिहासाची सनद देणे मला धाडसाचे वाटते. शिरक्याचेही तसेच आहे. नाव दुरून आले असले, तरी वस्तू त्या भूमीतल्या झाडांचीच आहे.

या शिरक्याचा पुरावा १५२१ इतका जुना आहे. दर्यावर्दी मॅगेलन याच्याबरोबर आलेला इटालियन वृत्तांतकार पिगाफेत्ता याने या बेटांवर उतरल्यावर माडाचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात हे लोक एकाच झाडापासून अन्न, मद्य, तेल आणि शिरका काढतात, असे नवल त्याने नोंदविले आहे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला त्यात नवल वाटणार नाही. भल्या पहाटे माडावर चढणे, पोय बांधून तिला छेद देणे, पाझरलेला रस मडक्यात घेऊन उतरणे, हे सारे आपला भंडारी आणि गोव्याचा रेंदेर पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. त्या बेटांवर या रसाला तुबा म्हणतात. सकाळी तो गोड असतो, दिवस चढता चढता मादक होतो आणि पुढे ठेवून दिला की आपोआप शिरका बनतो.

याहूनही मागे नेणारा पुरावा जमिनीत सापडला. मिंदानाओ बेटावरील बुतुआन येथील उत्खननात दहाव्या ते तेराव्या शतकांतील थरांमध्ये कापल्याच्या खुणा असलेली माशांची हाडे निघाली आणि त्यांच्या सोबतीला ताबोन-ताबोन या फळाच्या अर्ध्या कापलेल्या कवट्या. हे तुरट फळ त्या प्रदेशात आजही किनिलावमध्ये, म्हणजे शिरक्यात मुरवलेल्या कच्च्या मासळीत, वापरतात, म्हणून दोरीन फर्नांडेझ आणि एदिल्बेर्तो आलेग्रे यांनी १९९१ च्या आपल्या किनिलावविषयक ग्रंथात या पाकाला हजार वर्षांच्या घरात नेऊन ठेवले आहे. फर्नांडेझबाईंविषयी मला विशेष आदर आहे; कोळीण, भाजीवाली, खाणावळवाली यांना विचारून विचारून त्यांनी आपल्या देशाच्या अन्नाची जी दप्तरे लिहिली, तशी फार थोड्या देशांना लाभली असतील.

किनिलाव करताना मी विसायास बेटांवर एका कोळ्याच्या घरी पाहिले. मासा होता तानिगे, म्हणजे आपली सुरमई, तासाभरापूर्वी समुद्रातून काढलेली. घरधनिणीने तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, एका वाडग्यात थोड्या माडाच्या शिरक्याने ते धुऊन तो शिरका टाकून दिला, आणि मग ताजा शिरका ओतून त्यावर आले, कांदा, मिरची आणि कालामान्सी नावाच्या इवल्याशा लिंबाचा रस घातला. चुलीचा संबंध कोठेच नव्हता. तरीही काचेसारखे पारदर्शक असलेले मांस कडेकडेने दुधाळ होत आत सरकत चालले, आणि मधला गाभा अजून गुलाबी असतानाच तिने वाडगा माझ्यापुढे सरकवला. आणखी थांबले असते तर मासा राठ झाला असता. ती थांबण्याची घटका कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नसते.

आता अडोबोकडे वळू, कारण त्याच्या नावाने पुष्कळ गैरसमज करून ठेवला आहे. स्पॅनिश भाषेत अडोबो म्हणजे मुरवण. त्यावरून हा पदार्थच स्पेनहून आला असे सहज मानले जाते. परंतु पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाचा तागालोग कोश १६१३ साली लगुना प्रांतातील पिला गावी छापला गेला, त्यात तेथल्या शिरक्याच्या पाकासाठी ‘एतद्देशीयांचा अडोबो’ अशा अर्थाचे शब्द योजिलेले आहेत. परक्या मनुष्याने अपरिचित वस्तू पाहिली आणि आपल्या घरच्या ओळखीच्या वस्तूचे नाव तिला देऊन टाकले. उष्ण हवेत मांस टिकावे म्हणून ते शिरक्यात आणि मिठात शिजवण्याची रीत तेथे आधीपासूनच होती; पुढे राज्यकर्त्यांचे नाव चिकटले, चिन्यांचा सोया सॉस मिसळला आणि रंग काळवंडला. सोया सॉसवाचून केलेल्या पांढऱ्या अडोबोत जुने रूप अजून दिसते. बातांगासमध्ये त्यात हळद पडते, बिकोलमध्ये नारळाचे दूध.

सर्वांत मोठी कथा उत्तरेकडील इलोकोस प्रांताची. तेथील शिरका उसाचा आणि गडद रंगाचा, कारण तेथे उसाचा रस उकळून, त्यात रानातली पाने-साली आणि तांदळाचे किण्व घालून, बुर्नाय नावाच्या रांजणांत बासी हे मद्य मुरवतात, आणि त्याचाच पुढे शिरका होतो. १७८६ साली स्पॅनिश सरकारने या बासीचा मक्ता आपल्याकडे घेतला. घरच्या उसाची, घरच्या रांजणातली बासी प्यायची तर तीही सरकारी दुकानातून विकत घ्यावी, असा हुकूम निघाला. लग्नापासून मर्तिकापर्यंत प्रत्येक विधीत जी वस्तू लागते, तिच्यावर अबकारी बसली की लोक किती सोसतील? १६ सप्टेंबर १८०७ रोजी पिद्दिग गावी बंड उठले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते रक्तात बुडवले गेले. एस्तेबान व्हियानुएव्हा या चित्रकाराने १८२१ साली या बंडाची चौदा चित्रे काढली. त्यांत फौजांचे मोर्चे आहेत, फाशी आहेत, आणि त्या वर्षी आकाशात दिसलेला धूमकेतूही आहे.

इलोकोसमधील व्हिगान शहरात संध्याकाळी चौकात तांदळाच्या पिठाच्या केशरी करंज्या तळतात. आत कच्च्या पपईचा कीस, अंडे आणि लसूणदार सॉसेज. करंजीचे टोक मोडून विक्रेता त्यात कांदा-मिरची घातलेला तो गडद शिरका ओतायला सांगतो, आणि ओतल्यावाचून खाऊ लागलेल्या गिऱ्हाइकाला थांबवतो.

बंडानंतर आठ वर्षांनी आकापुल्कोची गलबते बंद झाली. परंतु त्यांवरून मेक्सिकोस गेलेल्या फिलिपिनो खलाशांनी किनाऱ्यावरच्या कोलिमा प्रांतात माड छेवण्याची विद्या रुजवली होती, आणि तेथे रस्त्यावर विकला जाणारा माडाचा रस अजूनही तुबा याच नावाने विकला जातो.