मृगातली हिरवी रेषा

साताऱ्यात किंवा सांगलीत गच्चीवरून मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घेऊ लागलो, की रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेडच आधी उमटतो. म्हणून आपण कॅमेऱ्यापुढे फिल्टर लावतो. तो तेजोमेघाची हिरवी रेषा आत सोडतो, दिव्यांचा बराच प्रकाश अडवतो. तेजोमेघ मोजक्या रेषांतच प्रकाशतात, हे हगिन्स यांनी १८६४ साली दाखवले होते. पण ही रेषा कशाची? नॉर्मन लॉकियर तिला मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड मानत. तसे असते, तर ती एका बाजूला धूसर दिसली असती. १८९१ च्या सुमारास पुण्यात कावसजी नायगमवाला यांनी वर्णपट तपासला. रेषा रेखीव होती! वेधशाळेसाठी ज्या लॉकियरांचा सल्ला घेतला, त्यांच्याच विरुद्ध त्यांनी हे छापले. रेषा अतिविरळ, आयनीभूत ऑक्सिजनची, हे १९२७ साली बोवेन यांनी ओळखले.