प्रत्येकाने आपापली पुस्तके घरी नेली

वाचकांनी आपापल्या कपाटांतील पुस्तके परस्परांना वाचायला द्यावीत, ही कल्पना ऐकताक्षणी कोणालाही पटते. अशा देवघेवीसाठी आता मोबाइलवर चालणारी ॲप्स निघतात आणि पुष्कळदा ती थोड्याच काळात नव्याने बेतावी लागतात. यादीत पुस्तके असतात, पण हवे ते नसते. नेलेले पुस्तक परत येत नाही आणि आलेच तर त्याचे मुखपृष्ठ फाटलेले असते. मग कर्ते स्वतःला विचारू लागतात, की वाचकाची खरी गरज तरी कोणती होती? हा प्रश्न आपल्या काळाने जन्माला घातलेला नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फिया शहरातील काही कारागिरांना तो पडला होता आणि त्यांनी त्याचे जे उत्तर शोधले, ते आजही अभ्यासण्याजोगे आहे, असे आम्हाला वाटते.

बेंजामिन फ्रँकलिन याने 1727 मध्ये ‘जंटो’ नावाचे एक मंडळ स्थापन केले. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचे, एखादा निबंध वाचायचा आणि नीती, राजकारण, विज्ञान अशा विषयांवर चर्चा करायची, असा त्याचा क्रम होता. सभासदसंख्या बारापुरती मर्यादित होती. फ्रँकलिन स्वतः मुद्रक होता. त्याच्या सोबत्यांत दस्तऐवजांच्या नकला करणारा जोसेफ ब्राइंटनल होता, खिडक्यांना काचा बसवणारा आणि स्वतःच गणित शिकलेला थॉमस गॉडफ्री होता, जोड्यांच्या धंद्यातला विल्यम पार्सन्स होता. कामगारांच्या चामडी एप्रनवरून या मंडळाला एक टोपणनावही पडले होते. या माणसांना वाचनाची भूक होती, पण बॉस्टनच्या दक्षिणेला धड पुस्तकांचे दुकान नव्हते. पुस्तक हवे तर ते इंग्लंडहून मागवावे लागे.

मंडळी आरंभी एका मद्यगृहात जमत. पुढे रॉबर्ट ग्रेस या सभासदाच्या घरातील एक खोली त्यांना मिळाली. चर्चेत पुस्तकांचे संदर्भ वारंवार निघत, म्हणून फ्रँकलिनने सुचवले, की प्रत्येकाने आपली पुस्तके या खोलीत आणून ठेवावीत. त्याचा हिशेब साधा होता. दहाबारा जणांनी पुस्तके एकत्र ठेवली, की प्रत्येकाला जणू सगळ्याच पुस्तकांचा मालक असल्याचा लाभ होईल. पुस्तके आली आणि खोलीची एक बाजू भरली. मात्र त्यांची संख्या अपेक्षेइतकी झाली नाही. शिवाय नीट काळजी न घेतल्यामुळे काही गैरसोयी उद्भवल्या. सुमारे वर्षभराने संग्रह मोडला आणि प्रत्येकाने आपापली पुस्तके घरी नेली.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. हा मोडलेला संग्रह फ्रँकलिनच्या आत्मचरित्राच्या पहिल्या भागात आहे. तो भाग त्याने 1771 मध्ये इंग्लंडमध्ये, मुलाला उद्देशून लिहिला. दुसरा भाग त्याने 1784 मध्ये फ्रान्समधील पासी येथे लिहावयास घेतला, तेव्हा पहिल्या भागाची प्रत त्याच्याजवळ नव्हती. ग्रंथालयाची हकीकत आधी लिहिली आहे की नाही हे आठवेना, म्हणून त्याने ती पुन्हा लिहिली. या दुसऱ्या कथनातही मित्र पुस्तके खोलीत आणून ठेवतात आणि काही काळ त्यावर समाधान मानतात. पुढे या छोट्या संग्रहाचा लाभ ध्यानात आल्यामुळे अधिक लोकांसाठी ग्रंथालय काढण्याची कल्पना सुचते. पुस्तके घरी परत नेल्याचा येथे उल्लेखच नाही. तेरा वर्षांच्या अंतराने सांगितलेल्या एकाच गोष्टीतून अपयश गळून पडले आहे. लेखकाने ते मुद्दाम लपवले असे आम्ही म्हणत नाही. यशस्वी संस्थेचा वृद्ध संस्थापक आरंभाकडे मागे वळून पाहतो, तेव्हा वळणाचा रस्ताही त्याला सरळ दिसू लागतो, एवढेच. पण आमच्या मते त्या संस्थेचे खरे रहस्य गळालेल्या वाक्यातच आहे.

कारण नवी योजना जुन्या योजनेची मोठी आवृत्ती नव्हती. तिने जुन्या योजनेतील एकेका दोषाला उत्तर दिले. पहिल्या खोलीतील पुस्तके कोणाला हवी म्हणून आली नव्हती, ती कोणाकडे तरी होती म्हणून आली होती. ती एकत्र राहणे मालकांच्या मर्जीवर अवलंबून होते. पुस्तक खराब झाले तर जबाबदार कोण, हे ठरलेले नव्हते. थोडक्यात, ती योजना देणाऱ्याच्या बाजूने विचार करून आखलेली होती. औदार्याची तिच्यात उणीव नव्हती, पण वाचक तिच्या केंद्रस्थानी नव्हता.

1 जुलै 1731 रोजी ‘लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया’चा करार झाला. तो चार्ल्स ब्रॉकडेन या लेखनिकाने कायदेशीर भाषेत बांधून दिला होता. प्रत्येकाने आरंभी 40 शिलिंग आणि पुढे दरवर्षी 10 शिलिंग द्यायचे होते. वाचक इतके थोडे आणि बहुतेक इतके गरीब होते, की बरीच खटपट करूनही पन्नासपेक्षा अधिक वर्गणीदार मिळाले नाहीत, आणि त्यांतही तरुण कारागीर व व्यापारीच अधिक होते, असे फ्रँकलिन सांगतो. ही कल्पना आपली म्हणून पुढे केली, तर लोक बिचकतात, हेही त्याच्या लक्षात आले. म्हणून ती काही मित्रांची योजना आहे असे सांगत तो स्वतः मागे राहिला.

आता सभासद पुस्तकाऐवजी पैसा एकत्र करू लागले, आणि या एका बदलाने बाकीचे सारे शक्य झाले. पुस्तक सर्वांच्या मालकीचे झाल्याने ते रागावून घरी नेता येईना. काय विकत घ्यावे हेही ठरवता येऊ लागले. जेम्स लोगन या विद्वानाचा सल्ला घेऊन यादी तयार झाली आणि 1732 च्या वसंतात 45 पौंडांची हुंडी लंडनला रवाना झाली. तेथे पीटर कॉलिन्सन या कापडव्यापाऱ्याने, जो निसर्गाभ्यासकही होता, खरेदीत मदत केली आणि पुढे अनेक वर्षे ती चालू ठेवली. त्या काळच्या विद्वानांचे संग्रह बव्हंशी लॅटिनमध्ये आणि महाविद्यालयांचे संग्रह धर्मशास्त्राने भरलेले असत. या ग्रंथालयाने मात्र प्रामुख्याने इंग्रजी पुस्तके घेतली. 1741 मध्ये फ्रँकलिनने छापलेल्या सूचीत सुमारे 375 शीर्षके आहेत. त्यांत इतिहास, प्रवास, विज्ञान आणि साहित्य यांचा भरणा असून धर्मशास्त्राचा वाटा लहान आहे. दुकानात दिवस घालवणाऱ्या माणसाला काय वाचावेसे वाटेल, याचा विचार या सूचीत दिसतो.

काळजीचा प्रश्नही आता सद्भावनेवर सोडलेला नव्हता. लुई तिमोथे हा पगारी ग्रंथपाल नेमला गेला. बुधवारी दुपारी दोन ते तीन आणि शनिवारी सकाळी दहा ते दुपारी चार अशा वेळा ठरल्या. पुस्तक नेणाऱ्याने वचनचिठ्ठी लिहून द्यायची आणि ते वेळेवर परत न केल्यास दुप्पट किंमत भरायची. मराठी वाचनालयांच्या सभासदांना वर्गणी, अनामत आणि दंड या शब्दांतला रुक्षपणा चांगला परिचयाचा आहे. पण अनोळखी माणसाच्या हाती निर्धास्तपणे पुस्तक देता यावे, हे या रुक्ष नियमांनीच शक्य केले.

तथापि, वाचकाच्या गरजेभोवती योजना आखली असे म्हणताना, कोणता वाचक, हे विचारावेच लागते. तिमोथेच्या करारानुसार कोणाही सभ्य गृहस्थाला ग्रंथालयाच्या खोलीत बसून वाचता येई, पण पुस्तक घरी फक्त वर्गणीदाराला नेता येई. याला अपवाद एकच, जेम्स लोगन. वसाहतीतील सर्वोत्तम खाजगी संग्रहांपैकी एक ज्याच्या घरी होता, त्यालाच ही सवलत होती! पुढे बिगरसभासदालाही पुस्तक नेण्याची मुभा मिळाली. 1741 च्या सूचीला जोडलेल्या निवेदनाप्रमाणे त्याने पुस्तकाच्या किमतीच्या प्रमाणात अनामत ठेवायची आणि वाचनाबद्दल थोडे शुल्क द्यायचे. स्त्री-सभासदासाठी मात्र अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्याच शहरात गुलाम स्त्री-पुरुष राबत होते आणि त्यांच्या विक्रीच्या जाहिराती फ्रँकलिनच्या वर्तमानपत्रात छापल्या जात. ‘सभ्य गृहस्थ’ या दोन शब्दांबाहेर किती माणसे उभी होती, याची यावरून कल्पना यावी.

आम्हाला येथे आणखी एक वाचक आठवतो. बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करणारा एक मुलगा ग्रंथविक्रेत्यांकडील आपल्यासारख्याच उमेदवारांशी ओळख ठेवून असे. संध्याकाळी तो एखादे पुस्तक मागून नेई, खोलीत बसून बराच रात्रीपर्यंत वाची आणि दुकानात त्याची उणीव भासू नये म्हणून पहाटे परत पोचवी. ही दोन गरीब वाचकांमधली निव्वळ विश्वासावरची देवघेव होती. तो मुलगा म्हणजे फ्रँकलिन. त्याच वयाचा, तितकाच निष्कांचन उमेदवार 1732 मध्ये फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयाच्या दाराशी आला असता, तर त्याच्याजवळ 40 शिलिंग नसते. 1741 नंतर आला असता, तरी अनामत ठेवण्याइतके पैसे त्याच्या खिशात असण्याचा संभव कमीच होता. संस्थापकाने मोठ्या कौशल्याने जे दार बांधले, त्यातून बहुधा त्याचे स्वतःचे बालपण आत येऊ शकले नसते.

यामुळे त्या प्रयोगाचे मोल कमी होत नाही. न्यूपोर्ट येथे 1747 मध्ये, चार्ल्सटन येथे 1748 मध्ये आणि न्यूयॉर्क येथे 1754 मध्ये अशाच प्रकारची ग्रंथालये निघाली. या ग्रंथालयांमुळे साधे व्यापारी आणि शेतकरी इतर देशांतील प्रतिष्ठितांइतके जाणते झाले, असा फ्रँकलिनचा दावा होता. दाव्यात अभिमानाचा अंश असेल, पण तो निराधार नव्हता.

आत्मचरित्राचे हे दोन उतारे वर्गात शेजारीशेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची अध्यापकांना विनंती आहे. 1784 चा उतारा संस्था कशी वाढते हे सांगतो, तर 1771 चा उतारा ती का बदलावी लागते हे सांगतो. पुस्तकांच्या देवघेवीची नवी योजना आखणाऱ्याला दुसऱ्याचाच उपयोग अधिक आहे. एका संध्याकाळी काही मित्र ग्रेसच्या खोलीतून काखेत पुस्तके घेऊन, कदाचित थोडे खट्टू होऊन, घरी गेले असतील. नव्या ग्रंथालयाची आखणी त्या परतीच्या वाटेवरच सुरू झाली, असे म्हणावयास हरकत नाही.