कुरटे बेटाचा खडक

आमच्या धूलकोटहून समुद्र फार दूर. तरीही पाण्यातल्या चुन्याशी आम्हा बऱ्हाणपूरकरांची ओळख जुनी आहे. अब्दुल रहीम खानखानानच्या काळात, १६१५ च्या सुमारास खोदलेल्या कुंडी भंडाऱ्यात उतरले, की भुयाराच्या भिंतींवर चढलेली चुन्याची पुटे दिसतात. सातपुड्यातून झिरपणारे पाणी ती आजही चढवीत आहे. मालवणास, सिंधुदुर्गाच्या तटाजवळ काचेचा मुखवटा लावून पाण्यात डोके घातले, तेव्हा मला प्रथम आठवला तो हा भंडारा. मात्र तेथे चुना रचणारे हात जिवंत होते.

सिंधुदुर्गाची वर्णने बहुधा तटबंदीपाशी थांबतात. २५ नोव्हेंबर १६६४ चा मुहूर्त, १६६७ मधील पूर्तता, हिरोजी इंदुलकरांची देखरेख, पायात ओतलेले शिसे, चुन्यातील महाराजांच्या हाताचा ठसा, हे आपण सर्वांनी वाचलेले असते. परंतु कुरटे बेटाचे खरे सामर्थ्य भोवतालच्या बुडीत खडकांत होते. वाट ठाऊक असलेला दर्यावर्दीच त्यांतून तारू सुखरूप नेऊ शके. तटाच्या आधीचा तट तोच! आज त्याच खडकांवर प्रवाळ आहे आणि पर्यटक बुडी मारतात तीही तेथेच.

प्रवाळाचा गोळा म्हणजे असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत. समुद्राच्या पाण्यातील द्रव्यांपासून चुना घडवून ते आपले घर बांधतात. गोलाकार जातींची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. हातभर उंचीचा गोळा घडावयास चाळीस-पन्नास वर्षे लागतात. मोडावयास होडीचा एक नांगर पुरतो.

१९८७ मध्ये शासनाने येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले. त्याच्या ३.१८ चौरस किलोमीटरच्या गाभ्यात किल्ला आणि पद्मगड दोन्ही येतात. मच्छीमारांनी विरोध केला. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या मला त्याचे नवल वाटत नाही. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला त्या पाण्यात जाळे टाकावयाचे नसते. पण पुढे त्याच मच्छीमार घरांतली काही मुले पर्यटकांना प्रवाळ दाखवू लागली, आणि प्रवाळ शाबूत राहण्यात घराचा स्वार्थ आला. अधिसूचनेपेक्षा हे बंधन अधिक टिकाऊ ठरेल असे मला वाटते; अर्थात पर्यटकांची गर्दी आवरली तर.

ती गर्दी म्हणजे कोण, हे मला त्याच दिवशी कळले. दम लागला म्हणून मी सहज एका खडकावर उभा राहिलो. पायाखाली काहीतरी कुरकुरले. बरोबरचा पोरगा होडीच्या काठावरून ओरडला, "काका, पाय वयर घेवा!"